मानाच्या जागेखालचा पाटा

मी पाटा बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे. गाडीच्या मागच्या चाकांवर एकाखाली एक पोलादी पट्ट्या बांधतात ना, त्यांतला एक. वरवंट्याशी माझं नातं नाही, पण जाड, जड आणि आपलंच खरं करणारा, एवढं त्या दगडाचं माझ्यात आहे. कुणाला माझा स्वभाव आवडत नसेल तर त्याला माझा इलाज नाही. मला घडवलंच तसं.

माझा जन्म कोळशाच्या ट्रकसाठी झाला. भट्टीत लालबुंद केलं, कमान दिली, तेलात बुडवून ताठ केलं. ओझं आलं की दबायचं, उतरलं की पुन्हा कमान धरायची, एवढंच काम. नारिनच्या घाटातून मी वर्षानुवर्षं कोळसा वाहिला. ट्रक रिकामा असला की मी ढिम्म हलायचो नाही आणि मागची बाजू दगडादगडावर आपटायची. त्याबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही. रिकाम्या ट्रकमध्ये मागे बसतोच कोण?

ट्रक मोडीत निघाला. मी आणि माझा जुळा भाऊ मामबेतच्या आवारात येऊन पडलो. मामबेत आमच्या गावचा मिस्त्री. हाताचा चांगला, तोंडाचा फटकळ. त्याच्या कोंबड्या आमच्यावर बसायच्या आणि नको ते उद्योग करायच्या. अशा दिवसांत एकदा ओमुरझाक आला.

ओमुरझाक मेंढपाळ. त्याच्याकडे पावाच्या लादीसारखी दिसणारी जुनी रशियन गाडी होती. तिला त्यानं मोठी चाकं बसवली होती आणि आता मागची बाजू उंच करून हवी होती. ओढ्यातून जाताना बूड टेकायला नको, मेंढे भरल्यावर गाडी बसायला नको. मामबेतनं गाडीच्या मूळच्या पाट्यांतले लांब, पातळ तेवढे काढून कोंबड्यांना दिले आणि त्या जागी आम्हा दोघा भावांना चढवलं. गाडीचा मागचा भाग वीतभर उचलला गेला. ओमुरझाक चारही बाजूंनी फिरून बघत होता, जसा काही घोडाच विकत घेतलाय.

"आता कशी दिसते," तो म्हणाला.

"तुझ्यापेक्षा बरी," मामबेत म्हणाला. दोघं एका वयाचे. आमच्याकडे समवयस्कांनी एकमेकांची टर उडवायची आणि कुणी रागवायचं नाही, असा रिवाज आहे.

गाडी उंच झाल्यावर ओमुरझाकनं आतून तिचा तंबू केला. नमद्याच्या, म्हणजे दाबून बनवलेल्या लोकरीच्या तंबूत दारापासून सगळ्यात आतली जागा मानाची. तिला तोर म्हणतात. तिथं घरातलं वडीलधारं माणूस बसतं, दारापाशी बसतात ती पोरंटोरं आणि सुना. गाडीतही सगळ्यात मागे, दारापासून लांब, त्यानं बाक ठोकला, त्यावर नक्षीचा नमदा आणि गाद्या घातल्या, आणि आईला तिथं बसवलं. तिचं नाव सोनुन. सगळं गाव तिला आपा म्हणतं, म्हणजे आई.

आता तो बाक नेमका मागच्या चाकांवर. म्हणजे माझ्यावर.

आपा म्हणजे चिमूटभर बाई. तिच्या वजनानं मी कशाला दबतोय? चाकाखाली दगड आला की तो धक्का मी जसाच्या तसा वर पोचवायचो. आपा बाकावरून उडायची आणि परत आदळायची. दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसायची, पण तोंडातून हूं की चूं नाही. मला कोळशाची सवय, मला वाटलं हाही कोळसाच.

एका लग्नाहून परत आल्यावर ती गाडीतून उतरली ती कमरेवर हात ठेवूनच. मग कित्येक दिवस अंथरुणावर पडून होती. वसंत सरला, बर्फ वर सरकलं, आणि सगळं गाव उन्हाळी कुरणांवर, जायलूवर, निघायची तयारी करू लागलं. तेव्हा आपा म्हणाली, "मी नाही येत. तुम्ही जा."

ओमुरझाकला आधी वाटलं थट्टा करतेय. कारण दर उन्हाळ्यात घोडीचं दूध आंबवून त्याचा पहिला कुमीस घुसळायची ती आपाच. जन्मात तिनं एक उन्हाळा खाली गावात काढला नव्हता.

"अगं, का पण?"

"कोंबड्यांकडे कोण बघणार?"

"आपल्याकडे कोंबड्या कुठे आहेत?"

"मग घराकडे बघते," असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं.

ओमुरझाकची झोप उडाली. आई मनानं निरवानिरव करायला लागली, की घरात काही बिनसलंय? शेवटी राग निघाला बायकोवर. बुरुल गाडी धूत होती, माझ्या अगदी जवळ. "तू काही बोललीस का आपाला?" त्यानं विचारलं. बुरुलनं फडकं पिळलं आणि म्हणाली, "मी काय बोलणार? त्यांच्यापुढे माझं तोंड उघडतं तरी का?" पण तो गेल्यावर तिनं धुतलेलंच चाक पुन्हा धुतलं. न केलेल्या गोष्टीचा आळ फार झोंबतो.

मग तिनंच हिय्या करून नवऱ्याला सांगितलं, की अहो, गाडी मागे फार आदळत असेल का? ओमुरझाकनं मामबेतला बोलावलं. दोघं पुढे बसले, गाडी गावाबाहेर फिरवून आणली. "लोण्यासारखी चालते," ओमुरझाक म्हणाला. तरी मनाची समजूत म्हणून मामबेतनं मागे दोन नवे शॉकॲब्सॉर्बर बसवले. ते माझ्याहून कडक. आगीत तेल. वर ओमुरझाकनं बाकावर आणखी एक गादी टाकली, त्यामुळे आपाचं डोकं छताच्या तेवढंच जवळ गेलं.

गंमत बघा, गाडी तपासायला येणारा प्रत्येक जण पुढे बसायचा. घरात आपा असताना तोरवर कोण बसणार? वडीलधाऱ्यांच्या जागेला नाव ठेवायला आमच्याकडे कुणाची जीभ वळत नाही आणि तिथं टेकायला कुणाचं बूड.

निघायच्या आदल्या दिवशी ओमुरझाक आईपुढे जाऊन बसला. गाडी दारात उभी होती, मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. "आपा, तू नाही आलीस तर आम्हीही जात नाही. मेंढ्या मेल्या तर मेल्या."

आपानं भिंतीकडून त्याच्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी मेंढे भरून नेशील ना? त्यांच्याबरोबर येते मी."

"मेंढ्यांबरोबर? लोक काय म्हणतील? सोनुन आपाला पोरानं जनावरांत कोंबून नेलं म्हणतील. तुला मी स्वतंत्र नेणार, तोरवर बसवून."

"मेंढे असले की गाडी बरी चालते," आपा म्हणाली. एवढंच. आणि नजर खाली घातली.

बुरुल चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. गेल्या शरदात मेंढे उतरवताना ती त्यांच्यात बसून आली होती, गाडी झोपाळ्यासारखी डुलत होती, आणि घरी येऊन तिनंच ते आपाला सांगितलं होतं, हे तिला आठवलं असणार. भरलेल्या गाडीत मी दबतो. रिकाम्या गाडीत नाही. साधी गोष्ट, पण ती बोलायला मला तोंड नव्हतं आणि आपाला मुभा नव्हती.

"अहो," बुरुल म्हणाली, "चला, तुम्ही मागे बसा. मी चालवते."

"मी तोरवर? आई समोर असताना?"

"बस," आपा म्हणाली. "मी सांगते म्हणून बस."

बसला बापडा. बुरुलनं गाडी सरळ ओढ्याच्या पात्रात घातली. घरातला सगळा राग तिच्या पायात उतरला होता बहुतेक, कारण तिनं एकही दगड चुकवला नाही. मी माझं काम केलं. पहिल्या धक्क्याला ओमुरझाकची टोपी उडाली. दुसऱ्याला डोकं छताला लागलं. मग तो आईसारखाच दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसला. "थांबव, अगं थांबव," तो ओरडत होता आणि बुरुलला म्हणे इंजिनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

तो उतरला तो कमरेवर हात ठेवूनच. आईसमोर जाऊन उभा राहिला. "आपा, इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू मला मानाच्या जागेवर बसवलंस," आपा म्हणाली. "तिथं बसून टोचतं म्हणू?"

ओमुरझाकच्या डोळ्यांत पाणी आलं. टेंगळामुळे नव्हे. नंतर तो बायकोकडे गेला आणि बादली तिच्या हातातून घेऊन स्वतः पाणी आणायला निघाला. माफी मागायची त्याची तेवढीच रीत.

मामबेत आला, जॅक लावला, आणि आम्हा भावांना काढून बाहेर टाकलं. बाकीचे पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. ते त्यानं तारेच्या ब्रशनं घासले, मध्ये वंगण भरलं. कोंबड्यांकडून मूळचे पातळ पाटे परत आणले, जुने शॉक परत लावले. शेवटचे बोल्ट मात्र जॅकवर असताना आवळले नाहीत. चाकं जमिनीवर टेकवली, गाडीचं वजन पाट्यांवर येऊ दिलं, मग आवळले. "लोंबकळत्या गाडीचे बोल्ट आवळले तर रबर पिळून मरतं," तो म्हणाला. गाडी वीतभर खाली बसली. ओमुरझाकचं तोंडही तेवढंच खाली आलं.

"आता बकरीसारखी दिसते," तो म्हणाला.

"मालकावर गेली," मामबेत म्हणाला.

मला वाटलं, झालं आपलं. एक तर पाटे वितळवून सुऱ्या घडवणारा लोहार, नाही तर पुन्हा कोंबड्या. माझ्या भावाच्या नशिबी कोंबड्याच आल्या. पण बुरुलनं मला पायानं सरकवून बघितलं आणि म्हणाली, "चाकं अजून मोठीच आहेत. आपांना चढायला पायरी हवी." मामबेतनं दोन टोकांना दोन कड्या लावून मला एकट्याला, मध्ये कुठेही न आवळता, दाराखाली आडवं टांगलं.

दुसऱ्या दिवशी आपा आली. माझ्यावर पाय ठेवला. इतके दिवस मी तिला नुसतं उडवत होतो, तिचं वजन किती ते मला ठाऊकच नव्हतं. फार हलकी होती हो. ती चढून तोरवर जाऊन बसली, आणि घाटात ओमुरझाकनं दर वळणावर विचारलं, "टोचतं का?" शेवटी ती म्हणाली, "गाडी नाही टोचत, तू टोचतोस."

तेव्हापासून मी जायलूवर आहे. गाडी उंच करणाऱ्यांना माझं एकच सांगणं. हौस करा, पण आधी एकदा मागे बसून या, तेही रिकाम्या गाडीत.

परवा पहिला कुमीस झाला. पाहुणे तंबूत जमले, ओमुरझाक हाक मारायला बाहेर आला. "आपा, तोरवर चल, सगळे थांबलेत."

आपा गाडीच्या दारात, माझ्यावर बसली होती, हातात वाटी घेऊन, उन्हाला पाठ देऊन. सगळ्यात खालची जागा, सुनांची.

"येते," ती म्हणाली, पण उठली नाही. बसल्या बसल्या तिनं अंग जरा खाली-वर केलं, मग हातानं मला चाचपून बघितलं.

"हा दबतो की रे," ती म्हणाली.