तसबीर जड झाली

दोल्नी ब्रेस्त गावच्या चर्चसमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. मेजावर किरणोत्सार मोजायचं यंत्र होतं आणि त्यामागे बगळ्यासारखे डोळे मिटून उभे होते व्लासी बाबा.

“ही तुमच्या रस्त्यावरची धूळ!” बाबांनी एक पुरचुंडी यंत्रापुढे ठेवली. यंत्र कडकडू लागलं. “ऐका, विष बोलतंय! आता आईची माया बघा!”

चार गड्यांनी चांदीने मढवलेली मेरीमातेची तसबीर उचलून पुरचुंडी आणि यंत्राच्या मध्ये उभी केली. यंत्र गप्प झालं. बायकांनी क्रुसाची खूण केली.

“पूर्वी मिरवणुकीत दोघी बायका न्यायच्या,” स्तोयना आजी रडत म्हणाली. “आता चौघांना धाप लागते. आपलं विष पिऊन आई जड झालीय गं!”

त्या दोघींपैकी एक होती शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी इस्क्रा. तिला एकदम आठवलं: तसबीर उजळायला म्हणून शहरात गेली होती, तीही गावातून कचऱ्याचे ट्रक नेणाऱ्या कंत्राटदाराच्या गाडीतून. त्याच गाडीतून आज बाबा आले होते.

आज गावापुढे मताला ठराव होता: अणुभट्टीचा कचरा नेणारे ट्रक आधी कळवून, गावाबाहेरच्या रस्त्याने जावेत. सध्या ते शाळेशेजारच्या पाणवठ्यावर थांबत. वाटसरूला पाण्यावरून उठवायचं नाही ही इथली रीत. चालक भाकर खात आणि पोरं चाकांना टेकून खेळत.

“आई असताना नियम कशाला?” सरपंच ग्रोझदान गरजले. “ठराव फेटाळायचा? हात वर!”

भराभर हात वर गेले. इस्क्रा पुढे घुसली.

“बाबा, यंत्र जरा बाजूला सरकवू?”

“अश्रद्धेने शिवलीस तर हात झडेल, बाई!”

“झडू दे. फळ्यावर लिहायला दुसरा आहे.”

तिने यंत्र हातभर बाजूला सरकवलं. कडकड पुन्हा सुरू झाली.

“आईची माया एवढीच रुंद का हो?”

तिने तसबिरीची मागची फळी उचकटली आणि चावीने ओरखडा काढला. मऊ, करडा धातू चकाकला. “शिसं! चांदीखाली दडवलंय. म्हणून चौघे लागतात, म्हणून यंत्र गप्प होतं.” तिने पुरचुंडी सोडली. आतून निघालं जुनं घड्याळ, अंधारात चमकणाऱ्या किरणोत्सारी रेडियमच्या काट्यांचं. तोवर बाबा गाडीत बसलेही होते.

“मग ट्रकात विष नाहीच?” आजीने विचारलं.

“आहे, आजी. त्यांच्या पेट्यांनाही जाड कवच असतं. पण ट्रक उलटला, पेटी फुटली तर? त्यासाठीच नियम हवा.”

“आता हात वर झाले ते झाले,” सरपंच पुटपुटले. “पुढची सभा सुगीनंतर.”

इतक्यात वळणावरून एक ट्रक आला आणि पाणवठ्याशी थांबला. पोरं नेहमीसारखी धावली. आजीची पणती चाकाला टेकून बसली.

“मिल्का! ऊठ तिथून!” आजी काठी टाकून पळत सुटली. बाकीचे नुसते बघत राहिले.

“ट्रक सुगीपर्यंत थांबणार नाहीत, सरपंच,” इस्क्रा म्हणाली. “हात आजच पुन्हा मोजा. आणि लोकहो, या वेळी आधी विचार करा, मग हात वर करा.”