खोल लावलेली पिओनी

मित्रांनो, मी एक जुना कंद आहे, आणि माझं अर्धंअधिक आयुष्य नको तितक्या खोल मातीत गेलं आहे. तुम्ही मला पिओनी म्हणाल. पण पिओनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे येतं ते गच्च पाकळ्यांचं, स्वतःच्याच भारानं मान टाकणारं फूल. ती माझी नटवलेली नात. मी रानातली मूळ जात. पाकळ्या मोजक्या, रंग लोण्यासारखा पिवळा, आणि बहर फार तर आठवडाभराचा. आमच्या जॉर्जियात मला योर्दासलामी म्हणतात.

माझा जन्म लागोदेखीच्या जंगलाला लागून असलेल्या नुत्साबाईंच्या परसात झाला. आमची शेंग फुटली की आत दोन रंगांचे दाणे दिसतात, लालभडक आणि निळे-काळे. लाल नुसते मिरवायला असतात, त्यातून काही उगवत नाही. नुत्साबाईंची मुलगी माक्वाला लहानपणी नेमके लालच पेरायची आणि रोज उकरून बघायची. मी काळ्यांपैकी. नुत्साबाईंनी मला कुंपणाजवळ पेरलं आणि खुशाल विसरून गेल्या. आम्हाला तेच मानवतं. पहिल्या हिवाळ्यानंतर मी मूळ सोडलं, दुसऱ्यानंतर एक पान. फुलायला आणखी बरेच वसंत घेतले. पण फुललो तेव्हा येणारे-जाणारे कुंपणाशी थांबू लागले, आणि नुत्साबाई झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत तिथे घुटमळू लागल्या. शरद आला की त्या माझ्या डोळ्यांवरच्या, म्हणजे कोंब फुटतात तिथल्या, मातीत बोट खुपसून बघायच्या. बोटाची दोन पेरं, एवढीच माती मला चालते. जास्त असली तर त्या हातानं बाजूला सारायच्या.

द्राक्षांची तोड संपली आणि माक्वालाचं लग्न खाली मैदानात, द्राक्षमळेवाल्यांच्या घरी झालं. नुत्साबाईंनी मला खणून काढलं, सुरीनं दोन भाग केले, एक परत कुंपणाशी लावला आणि एक भाग ओल्या फडक्यात गुंडाळून मुलीच्या मांडीवर ठेवला. तो भाग म्हणजे मी.

तिचे सासरे आरसेना मोठ्या मनाचे. सुनेच्या माहेरचं झाड म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. अडचण एकच होती. त्यांना जन्मात एकच लावणी ठाऊक होती, द्राक्षवेलीची. वेलीचं रोप तिकडे खोल खड्ड्यात घालतात आणि गारठा लागू नये म्हणून वर मातीचा ढीग लावतात. मलाही तसंच लावलं. खाली मी, वर माती, तिच्यावर आणखी माती. आता तुझ्या आईच्या झाडाला थंडी शिवायची नाही, असं ते सुनेला म्हणाले. माक्वाला शेजारीच उभी होती. चूक तिला दिसत होती. पण सासरचा पहिला आठवडा, आणि घरचा कर्ता माणूस तिच्यासाठी गुडघे टेकून चिखलात बसलेला. काय बोलणार बिचारी? मग सांगू, असं तिनं ठरवलं. ते 'मग' काही आलं नाही.

मित्रांनो, खोल मातीत काय असतं, ते विचारू नका. काळोखाचं मला काही वाटत नाही, आमचा हिवाळा काळोखातच जातो. पण वसंतात वर उजेड आहे हे कळायचं आणि तिथवर पोचता पोचता सगळा जीव संपून जायचा. अंगात साठवलेलं सारं बळ नुसतं वर चढण्यात खर्च व्हायचं. कशीबशी चार पानं बाहेर यायची, की मी दमलो. फुलासाठी काही उरायचंच नाही. आणि शरद आला की आरसेना पाटीभर माती आणून मायेनं माझ्यावर ओतायचे. त्या मातीचा मला राग यायचा, आणि ती आणणाऱ्या हातांवर रागावता यायचं नाही. कोंडून घालणारा वाईट असता तर निदान त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

सासूबाई तासो जिभेच्या तिखट. पानं दिसली की त्या दरवर्षी न चुकता विचारायच्या, "काय गं, तुझ्या आईनं फूल म्हणून कोबी दिला का?" माक्वाला हसायची. त्या घरात ती बरंच काही हसण्यावारी न्यायची. सगळे तिला इतकं जपायचे की नाही म्हणायला तोंडच उघडायचं नाही.

मग एका हिवाळ्यात नुत्साबाई गेल्या. माक्वालाच्या भावानं घर विकलं, आणि नव्या मालकानं परसातलं सगळं उपटून गाड्या उभ्या करायला जागा केली. माझा दुसरा भाग तिथेच संपला. आता त्या बागेतलं उरलेलं असं मी एकटाच होतो. आमच्याकडे ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी लोक लाल अंडी आणि दारू घेऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर जातात. माक्वालाला आईसाठी माझं एक फूल न्यायचं होतं. एकच. रोज सकाळी ती येऊन माझी पानं बाजूला करून बघायची. मी काय दाखवणार? त्या वर्षी ती बाजारातली कापडी फुलं घेऊन गेली. परत आल्यावर माझ्याजवळ बसून रडली, आणि मला मातीखाली मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शरदात तासोबाईंनी विषय काढला. पाव भाजायची नवी भट्टी हवी होती, आणि हा कोबी काढला तर जागा छान होती. आरसेना म्हणाले, तेवढं नको, यंदा मी दुप्पट माती घालतो, मग बघ. आणि ते खरोखरच दोन पाट्या भरून घेऊन आले. पहिली पाटी कलती झाली तशी माक्वालानं तिच्यावर हात ठेवला.

"बाबा, नका घालू. मातीनंच तर फुलत नाहीये ते."

आरसेनांना आधी कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. आईची दोन पेरं, डोळ्यांवरची माती, सगळं. त्यांनी पाटी खाली ठेवली.

"म्हणजे इतकी वर्षं मी ह्याला गाडतच होतो?"

"तुम्ही मायेनं घालत होता, बाबा."

"मायेनं गाडलं म्हणून काय ते उकरून वर येतं?" त्यांनी हातांची माती झटकली. मग हळूच म्हणाले, "तू बोलली का नाहीस गं?"

आरसेना खाली बसले आणि कुदळ न घेता हातानं माती काढू लागले. मला इजा होईल म्हणून घाबरत होते. मी बाहेर आलो तेव्हा त्यांची नखं फुटली होती. पुन्हा लावताना मापासाठी त्यांनी सुनेचं बोट मागितलं. स्वतःचं बोट जाड आहे, चुकेल, म्हणाले.

लगेच काही मी फुललो नाही. आम्हाला हलवलं की आम्ही रुसतो. पुढच्या ईस्टरला पानंसुद्धा कमीच आली, आणि तासोबाईंनी भट्टीची आठवण करून दिली. माक्वाला पुन्हा कापडी फुलं घेऊन गेली. पण त्याच्या पुढच्या वसंतात पहिल्यांदाच वर यायला मला काही कष्ट पडलेच नाहीत. दोन पेरं माती काय, एका झोपेत ओलांडली. पानांत एक गोल कळी आली. ईस्टरला ती घट्ट मिटलेलीच होती. उमलली नंतर, सणवार नसलेल्या एका साध्या दिवशी. त्याच दिवशी आरसेना मळ्यातलं काम टाकून, फूल ग्लासात धरून, सुनेबरोबर लागोदेखीच्या बसमध्ये बसले.

दोघं परतली ती थेट माझ्याकडे आली. आरसेनांनी माझ्या कापलेल्या देठावर बोट टेकवलं आणि विचारलं, "अजून काही आहे का, जे तू आम्हाला सांगितलं नाहीस?"

माक्वाला घुटमळली. मग एका दमात म्हणाली, "मला कोथिंबीर अजिबात आवडत नाही."

त्या घरात पाव सोडला तर कोथिंबिरीशिवाय काहीच शिजत नव्हतं. लग्नापासून ती रोज दोन्ही वेळा ती गिळत आली होती. आरसेना हसायच्याऐवजी डोळे पुसायला लागले. खिडकीतून तासोबाई ओरडल्या, "अगं मग सांगायचं की! मी तुझ्या ताटात मूठभर जास्त टाकत होते, लाडाची म्हणून!" त्या दिवसापासून राजमा दोन भांड्यांत शिजतो, आणि भट्टी कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे बसली.

मित्रांनो, तुमच्या बागेत माझ्यासारखं कुणी असेल तर त्याच्या डोळ्यांवर जास्त माती साचू देऊ नका. कुणावर माया करायची असेल तर पाटी उचलण्याआधी एकदा विचारा. आणि माया म्हणून तुमच्यावरच माती पडत असेल, तर सांगून टाका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.