त्रेचाळीस बाया

"तुमच्या नावाखाली शून्य दिसतंय, ताई." ऑफिसातल्या धम्मानंद सरांनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली.

"शून्य कसं असन?" मी टेबलावर हात आपटला. "त्रेचाळीस बाया आणल्या माह्या आईनं! तुमचं मशीनच भंगार हाये."

"मोने, हळू बोल वं," आई म्हणाली.

माझी आई माया. बारा वर्षांपासून कळमन्याच्या फळमंडीत संत्री निवडते. मोठी इकडे, बारीक तिकडे, सडकी खाली. तिची बोटं इतकी घासली आहेत, की रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही.

'मोहोळ'चं हे ऑफिस नागपुरात नंदनवन भागात उघडलं, तेव्हा तिला पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटलं. मोहोळवर लिहायचं, फोटो टाकायचे, बाकी ॲपसारखंच. पण इथली नोंद एकाच वेळी हजारो कॉम्प्युटरवर होते, कोणाला खोडता येत नाही. आपल्या लिंकवरून चाळीस जणींना आणेल ती वस्तीची संयोजक. महिन्याचा पगार. खुर्ची. बसून करायचं काम.

आईनं नुसती लिंक पाठवली नाही. "घरी जाऊन सांगा लागते. मोबाइलवर कोणी मानत असते का?" म्हणत मंडीतून आल्यावर दारोदार फिरली. मग सगळ्यांचे फोन पिशवीत भरून माझ्यापुढे ठेवायची. नववीत शाळा सोडल्यापासून मी तिच्या कुठल्या कामी आले असेन, तर तेव्हाच.

संध्याकाळपर्यंत बायांचा नेट संपलेला असतो. ॲप डाउनलोड होईपर्यंत थांबायला माझ्यात दम नाही. मी माझ्या फोनमधून त्यांच्या फोनमध्ये ॲप टाकलं, गाणी देतो तसं. मग आईची लिंक दाबली. उघडलं की पुढचा फोन.

"लिंक दाबल्यावर ॲप आलं, की आधीच फोनमध्ये होतं?" सरांनी विचारलं.

मी टेबलावरचा हात मागे घेतला.

"जिच्यावरून मूळ ॲप उतरवलं, ती लिंक त्याच्यातच चिकटलेली असते. ती लिंक ज्याची, त्याच्याच नावानं नोंद होते." त्यांनी काहीतरी दाबलं. "गोलू कोण?"

गोलू आमच्या मागच्या गल्लीतला. मला ॲप त्यानंच त्याच्या लिंकवरून दिलं होतं. आता पुण्यात हॉटेलात भांडी घासतो. फोन हरवला, खातं उघडायचे गुप्त शब्दही त्यातच गेले. ते खातं आता कधीच उघडणार नाही. त्याच्या नावाखाली सगळ्या जणी ओळीनं होत्या. इंदुताई, उन्नती, बायजाबाई.

"मंग बदलवा न!"

"बदलता येत नाही. तेच तर याचं..." सर थांबले. "मलाही नाही. कोणालाच नाही."

"त्याच बाया पुन्हा आणल्या तर?"

"एका माणसाची नोंद एकदाच होते." त्यांनी चष्मा काढला. "फोनमध्ये टाकून कोणी दिलं हे?"

"मी," आई म्हणाली. "मीच टाकलं, भाऊ. मले तितकं समजत नाही."

आईला अलार्म लावता येत नाही. मी तोंड उघडलं, तर टेबलाखाली तिनं माझ्या पायावर पाय ठेवला. जोरात.

"पण बायांचं बंद नाही न होणार?" तिनं विचारलं. "इंदुताईच्या पापडाले मोहोळवरूनच गिऱ्हाईक येऊन राहिले."

"नाही ताई. त्यांचं चालू राहील."

"मंग झालं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काहून खोटं बोलली?"

"तुह्यं नाव कायले लिहू द्याचं कोणाले? इथचं खोडता येत नाही म्हणते."

जिन्यात एक बाई वर येत होती. हातात अर्ज, दोन फोन, धापा टाकत होती.

"मोहोळवाले इथंच का वं बाई? बाया आणल्या तं काम देते म्हणे."

"हाव. वरच हाये." आई तिला वाट देऊन खाली उतरली. दोन पायऱ्या. मग वळली.

"थांब, बाई. किती जणी झाल्या तुह्या?"

"अजून कोणीच नाही."

"मंग बस इथं. ॲप ह्या फोनमधून त्या फोनमधी नोको देऊ. नेट नसन तं सकाळी जाय. पहिले तुही लिंक, मंग ॲप. एकेकीच्या घरी बसून तिच्याच हातानं दाबव."

बाई पायरीवर बसली. आई तिच्या बाजूला बसली आणि तिचा फोन हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

मी खाली उभी होते. मला तिच्यापर्यंत वर जाता येईना.