उशाखालचा कोयता

“खंडूच्या खाचरात? आवणीला? तुमी?” शालूबाईच्या हातातली भाकर तव्याऐवजी चुलीत पडली.

“व्हय. पाय पिलाष्टरात हाय त्याचा. रोपं पिवळी पडल्यात,” रखमाजी म्हणाला आणि इरलं झटकू लागला.

खंडू म्हणजे रखमाजीचा धाकटा भाऊ. दहा वर्षांपूर्वी भर आवणीत, भाताची रोपं लावायच्या दिवसांत, त्यानं सामाईक बांध फोडला आणि रखमाजीची रोपं थेट ओढ्याला गेली. तेव्हापासून दोन घरांत अबोला. रखमाजी उशाखाली कोयता घेऊन झोपायचा. म्हणजे झोपायचा नाहीच, नुसता आडवा पडून रात्रभर मनातल्या मनात खंडूला मारायचा. खंडू सकाळी धडधाकट उठून दात घासायचा. झिजला तो रखमाजी.

शालूबाईनं मात्र या वैराचा संसार निगुतीनं केला होता. दीर समोरून आला की कुठं थुंकायचं, जावेनं हळदीकुंकवाला बोलावलं की नेमकं काय दुखायचं, सगळं बसलेलं. आणि गेल्या वर्षी हा बाबा कामशेतला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, रविवारच्या प्रार्थनेला जाऊ लागला. येशूनं त्याच्या शिव्या सोडवल्या, कोयता गोठ्यात टांगायला लावला. तंबाखू तेवढी राहिली. शालूबाईच्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी होती.

“आधी त्याला माफी मागू द्या. मग जावा खुशाल.”

“अगं, त्यो माफी मागंल तवा मी मोकळा व्हनार, म्हंजी माझं दावं त्याच्याच हातात की! धा वरसं बांधल्या बैलागत हिंडलो. प्रभूनं सोडलं. आता पुन्यांदा गळ्यात घालू?”

“आन् माझ्या धा वरसांचं काय?”

रखमाजीनं इरलं डोक्यावर घेतलं. तो निघाला. चुलीला, दिराला आणि ओळखदेख नसताना येशूलाही बोल लावत शालूबाई मागोमाग निघाली. “रोपांसाठी येतीया. तुमच्या देवासाठी न्हाई.”

खाचराला लागूनच खंडूचं घर. तो ओटीवर पाय लांब करून बसला होता. भावाला चिखलात उतरलेला पाहून त्यानं चहाचा कप बाजूला आपटला.

“कुनी बोलावलं रं तुला? जमीन बळकवाया आलाईस व्हय?”

शालूबाईनं मोठ्या आशेनं नवऱ्याकडं पाहिलं. जुना रखमाजी असता तर उत्तर धरणापलीकडं ऐकू गेलं असतं. त्याची मान लाल झाली, जबडा आवळला, ओठ हलले. शिवी काही बाहेर आली नाही. तो मुठीतली रोपं लावत मागं सरकत राहिला.

दुपारी भाकर खाऊन तो आडवा झाला, तेही त्याच फुटलेल्या बांधावर, त्याचीच उशी करून. पाचव्या श्वासाला घोरू लागला. ओटीवर खंडू टक्क जागा होता. नजर बांधावर, हात काठीवर.

“मेली ह्याला झोप तरी कशी लागती,” शालूबाई करवादली.

पाऊस भुरभुरू लागला तसं तिनं चिडूनच नवऱ्याच्या तोंडावर इरलं टाकलं आणि उरलेली रोपं घेऊन दिराच्या चिखलात उतरली.