मांजरसुंब्याच्या मोहिमेचे प्रोसिडिंग

मी एक जुने इतिवृत्त रजिस्टर आहे. एका साम्राज्याचा सगळा इतिहास माझ्या पानांत आहे. लढाया, तह, फितुरी आणि तीन राजांचे अंत. मित्रांनो, हे साम्राज्य मांजरसुंब्याच्या चौकात, चाँदभाईंच्या पंक्चर दुकानामागच्या खोलीत आहे.

जन्माने मी इतके थोर नव्हते. बीडच्या एका छापखान्यात मला बांधले. बाहेर लाल कापडाचा पुठ्ठा, आत छापील रकाने: ठराव क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक, हजर सभासदांच्या सह्या. नेकनूरच्या सुंदररावांनी दूध संस्था काढली होती, तिच्या सभांसाठी त्यांनी मला घेतले. सभा कधी भरली नाही. दूधही आले नाही. अध्यक्ष तेवढे झाले, ते सुंदरराव. मी त्यांच्या कपाटात वर्षानुवर्षे कोरे पडून राहिले. गावात आम्हाला प्रोसिडिंग म्हणतात आणि आमचा मान मोठा असतो, पण तो कपाटाबाहेर.

एके दिवशी सुंदररावांच्या मुलीने, स्वप्नालीने, मला बाहेर काढले. चाँदभाईंची मुलगी तरन्नुम संभाजीनगरच्या होस्टेलमधून एक खेळ शिकून आली होती आणि त्यासाठी जाडजूड वही हवी होती. खेळ असा, की एकाने गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्यातली माणसे व्हायचे. काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे. ते साधले की फसले, हे वीस बाजूंचा फासा सांगतो: वीस पडले तर फत्ते, एक पडला तर घात. गोष्ट एका बैठकीत संपत नाही. ती वर्षानुवर्षे चालते, म्हणून तिला मोहीम म्हणतात, आणि म्हणून मागच्या खेपेला काय झाले ते लिहून ठेवावे लागते.

ट्रॅक्टरच्या टायरवर प्लायवूड टाकून टेबल झाले. तरन्नुम गोष्ट चालवायची. तिचा भाऊ मुजाहिद योद्धा झाला, स्वप्नाली चोर झाली, आणि समोरच्या ढाब्यावर काम करणारा हरिओम वैद्य झाला. माझ्यात रकाने छापलेलेच होते, ते वाया कशाला घालवायचे म्हणून साम्राज्याचा इतिहास असा लिहिला गेला: 'विषय: पुलाखालच्या राक्षसाचा बंदोबस्त करणेबाबत. सदर राक्षसास ठार मारण्यात यावे असे ठरले. सूचक: योद्धा. अनुमोदक: चोर. सर्वानुमते मंजूर.' राक्षसाचे मत कोणी विचारले नाही. पण सुंदररावांच्या संस्थेपेक्षा हे काम बरे होते.

पहिला ठराव स्वप्नालीच्या हातचा आहे. 'सभासद चार. चारही हजर असल्याशिवाय सभा भरणार नाही.' तो लिहिल्यावर सगळ्यांनी चहा घेतला आणि ठराव विसरून गेले. आमच्या भागात पहिल्या ठरावाचे असेच होते.

माझ्यावर खरा जीव हरिओमचा. कोण जखमी झाला, कोणता पाला वाटून लावला, सारे तो कोरल्यासारख्या अक्षरात लिहायचा. अंगाला फोडणीचा वास असायचा. ढाब्यावर त्याला सगळे 'ए कांदा' म्हणून हाक मारत. इथे मात्र त्याच्या हातून आजवर एकही माणूस दगावला नव्हता.

मग लग्नसराई आली. एका रविवारी ढाब्यासमोर वऱ्हाडाची बस थांबली आणि हरिओमने निरोप धाडला, "थांबा, आलोच." तिघे थांबले. मग थोडे आणखी थांबले. मग मुजाहिद म्हणाला, "त्याच्याकडून मी खेळतो." त्याने वैद्याला सगळ्यात पुढे गुहेत धाडले आणि फासा टाकला. एक पडला. वैद्य मेला. माझ्यात रीतसर दुखवट्याचा ठराव झाला. सह्यांच्या रकान्यात मुजाहिदने हरिओमचीही सही ठोकली. सभेला आलेल्याने न आलेल्याची सही करायची ही जुनी चाल आहे, तीत त्याला वावगे वाटले नाही.

हरिओम आला तो कागदात गरम भजी घेऊन. उभ्याउभ्याच त्याने मला वाचले.

"मेला?"

"लई शूरपणानं मेला बे," मुजाहिद म्हणाला.

"आन् ही सही?"

"मीच केली. तुला तरास नको म्हणून."

हरिओमने भजी माझ्यावरच ठेवली. "मेला त्याचं काय न्हाई. थांबा म्हणलो होतो. मग खेळलात कावून?"

तो गेला. भजी नंतर खाल्ली गेली. तेलाचा डाग अजून आहे.

पुढच्या रविवारी हरिओम आला नाही, त्यापुढच्याही नाही. तरन्नुमने गोष्ट सुरू करून पाहिली, पण जखमी झाले की तिघे एकमेकांकडे बघत बसत. दुकानातला हवेचा कॉम्प्रेसर डुगडुगत होता. चाँदभाईंनी मला त्याच्या पायाखाली सारले. मी दिवसभर थरथरत होते, आणि मोहीम संपली असे मला वाटू लागले होते.

मला तिथून स्वप्नालीनेच ओढून काढले. धूळ झटकली, पहिले पान उघडले आणि पहिला ठराव वाचला.

"मुजाहिद, ती सभा झालीच न्हाई."

"कोणती?"

"वैद्य मेल्याची. तिघंच होतो आपण. गणपूर्ती न्हाई."

"सह्या चार हायेत की."

"एक खोटी हाय."

तरन्नुमला हे पटले नाही. "एक पडला तो पडला. असं केलं तर उद्या सगळी मेलेली उठून बसतील."

"मग पहिला ठराव कावून लिहू दिला?"

बाहेर ट्यूब पाण्यात दाबत बसलेले चाँदभाई मान वर न करता म्हणाले, "पोरगी बराबर बोलती. त्या पोराला बोलवा आधी. माझा कॉम्प्रेसर मी विटेवर ठेवतो."

तरन्नुमने पेन उघडले. 'मागील सभा गणपूर्तीअभावी रद्द समजण्यात यावी. सबब वैद्य जिवंत आहे. दुसऱ्याची सही केल्याबद्दल योद्धा दिलगीर आहे.' शेवटचे वाक्य मुजाहिदने स्वतः सांगितले, भिंतीकडे बघत.

मग त्याने मला शर्टात धरून हायवे ओलांडला. हरिओम ढाब्यामागे बसला होता. त्याने हात पुसून मला घेतले, ठराव वाचला, परत वाचला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. पुढ्यात कांद्याची पाटी होती, त्यामुळे याबाबत मी खात्रीने काही नोंदवू शकत नाही.

"वऱ्हाड आलं तर?" त्याने विचारले.

"जेवून जाऊ दे वऱ्हाडाला. आमी हाव बसलेलो."

"पेन आण."

मित्रांनो, माझे सांगणे थोडके आहे. आम्हा रजिस्टरांना कॉम्प्रेसरखाली घालू नका. आमच्यावर भजी ठेवू नका. घडले ते त्याच दिवशी लिहा, आणि ज्याची सही त्यालाच करू द्या. कोणी थांबा म्हणाले, तर थांबा. नसलेल्या माणसाच्या वाट्याचे खेळता येते, पण ते लिहिताना पान जड होते. कोरे राहण्याचे दुःख मी जाणते. माझी अजून निम्मी पाने शिल्लक आहेत आणि ती भरतील अशी आता मला आशा आहे.

त्यानंतरच्या रविवारी वैद्य पुन्हा त्याच गुहेत शिरला. हरिओमने स्वतःच्या हाताने फासा टाकला. एक पडला.

दुखवट्याचा ठराव हरिओमनेच मांडला. सभेस चारही सभासद हजर होते.