डोंगरदेशाची भाची

गोरक्षअण्णांनी मोबाईल टेबलावरून तिच्याकडे सरकवला. रोशनीने तो न उचलता तसाच परत सरकवला.

"बघितलाय मी," ती म्हणाली. "सकाळपासून सगळे मला तोच फोटो पाठवतायत."

"मग पुन्हा बघा. मागे झेंडा कोणाचा आहे ते बघा."

पांढऱ्या कापडावर हिरवा डोंगर. झेंडा डोंगरदेश पक्षाचा होता. पेठच्या पलीकडच्या चार-सहा पाड्यांपुरता हा पक्ष. घाटापलीकडचा आपला देश वेगळा, आपल्यावर ना मुंबईचं राज्य ना दिल्लीचं, असं मानणारी ही माणसं मत देत नाहीत, रेशनकार्ड घेत नाहीत, आणि शिवेवर दगड पुरून त्यावर 'परवानगीशिवाय येऊ नये' असं लिहून ठेवतात. त्यांचा म्होरक्या रावजी. फोटोत रोशनी हात जोडून त्या झेंड्याखाली उभी होती आणि तिच्या खांद्याला खांदा लावून रावजी. खाली कोणीतरी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'देश तोडणाऱ्यांच्या ताई'.

"मामीच्या दहाव्याचा फोटो आहे तो."

"ते तुम्हाला माहीत आणि मला माहीत. लोकांना झेंडा दिसतो," अण्णा म्हणाले. ते पक्षाचे जिल्हाध्यक्ष. विधानसभेच्या राखीव जागेसाठी रोशनीचं नाव त्यांनीच वर पाठवलं होतं, आणि आता ते नाव त्यांच्या घशात अडकलं होतं.

खिडकीशी बसलेल्या ललितने पाय लांब केले. त्याच जागेसाठी त्याचंही नाव गेलं होतं.

"दहाव्याला झेंडा कशाला लागतो, ताई?"

"ते त्यांना विचार."

"मी कशाला विचारू? मामा तुमचा."

रोशनीने त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी ललितही सांत्वनाला आला होता, समोरच्या फणसाखाली उभा होता. फोटो फणसाच्याच बाजूने काढलेला होता. पण बोलून सिद्ध काय करणार?

"उद्या अकराला पत्रकार बोलावलेत," अण्णा म्हणाले. "तुम्ही सांगायचं, या माणसाशी माझा काडीचा संबंध नाही. हा देशद्रोही आहे, सरकारने याला आत टाकावं. तेवढं झालं की मी मुंबईला फोन करतो."

"आणि नाही झालं तर?"

"तर मी मुंबईला दुसरा फोन करतो."

ललित खिडकीबाहेर बघत राहिला.

खरं तर हे बोलायला तिला कोणाच्या धमकीची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी भागीमामी तापाने फणफणली, तेव्हा रोशनी जिल्हा परिषदेची सदस्य होती. तिने पेठहून रुग्णवाहिका पाठवली. रावजीने ती शिवेवरच्या दगडापाशी अडवली. ही परक्या सरकारची गाडी, आमच्या देशात येणार नाही, असं सांगून ड्रायव्हरला मागे फिरवलं. दुसऱ्या दिवशी मामी गेली. दहाव्याला रोशनी उभी राहिली ती मामीसाठी. जेवण होताच तिने मामाला अंगणात सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुझा देश जगला, माझी मामी कुठे आहे? तो पाठ फिरवून आत गेला होता. त्यानंतर दोघांत एक शब्द नव्हता.

"बोलते उद्या," ती उठत म्हणाली. "आधी आईला सांगते. तिला टीव्हीवरून कळायला नको."

म्हसरूळच्या घरी तिची आई कुसाबाई पडवीत नागली पाखडत बसल्या होत्या. रोशनी त्यांच्यासमोर पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. त्यांचं सूप थांबलं नाही.

"बोल की," त्या म्हणाल्या. "खोटं काय त्यात? भागीला त्यानंच मारली."

"तुला चालेल?"

"मी त्याच्या नावाची आंघोळ कवाच केली."

थोडी नागली पाखडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "देशद्रोही म्हनलं की किती वर्सं ठेवतात आत?"

"माहीत नाही, आई."

"दमा हाय त्याला," कुसाबाई म्हणाल्या आणि पुन्हा सूप हलवू लागल्या.

दिवेलागणीला रावजी टीव्हीवर दिसला. चॅनेलचा पत्रकार थेट शिवेवर पोचला होता. रोशनीला आधी खरं वाटेना. कॅमेरा दिसला की दगड उचलणारा माणूस हा. मागे एका पत्रकार बाईच्या हातून माईक हिसकावून त्याने ओहोळात फेकला होता. आज मात्र तो घोंगडी नीट खांद्यावर घेऊन, दगडाला टेकून उभा होता. एकेक प्रश्न पुरा ऐकून घेत होता.

"रोशनीताई तुमच्या भाची ना?"

"कोन रोशनी? माझी कोनी भाची नाय."

"पण त्या तुमच्या बहिणीची मुलगी आहेत."

"बहीण व्हती एक. मेली ती."

"मग फोटोत त्या तुमच्या शेजारी कशा?"

"मयताघरी पुढारी येतातच. फुकट जेवली नि गेली. आमी हाकलून दिली तिला. आमचा तिचा काय संबंध नाय, लिवून घ्या."

पत्रकाराने आणखी काही विचारलं. रावजीने पुन्हा तेच सांगितलं, शब्द न बदलता, शाळेतल्या मुलाने पाठ केलेलं म्हणावं तसं.

कुसाबाईंनी सूप भिंतीला टेकवलं. त्या उठून मोरीपाशी गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

अण्णांचा फोन लगेच आला. आवाजात सकाळचा कडवटपणा नव्हता.

"बघितलं ना? म्हाताऱ्यानेच दोर कापला. आता तुम्हाला शिव्यासुद्धा द्यायच्या नाहीत. पत्रकार विचारतील, ते म्हणतात ते खरं का. हो म्हणायचं. संपलं."

"हो," रोशनी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. दोन वर्षं सांभाळलेला राग तिने चाचपून पाहिला. तो जागेवरच होता. पण या माणसाने आज सगळ्या जगापुढे तिला फुकट जेवणारी म्हटलं, ते का म्हटलं, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. आणि ते कळल्याचाच तिला संताप येत होता. तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

सकाळी पक्ष कार्यालयाचा हॉल भरला होता. अण्णा तिच्या उजवीकडे बसले, ललित डावीकडे. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच आला.

"रावजी म्हणतात, त्यांचं तुमचं काही नातं नाही. हे खरं आहे का?"

अण्णांनी माईक अलगद तिच्याकडे वळवला.

"नाही," रोशनी म्हणाली. "खोटं आहे."

तिने माईक आणखी जवळ ओढला.

"ते माझे सख्खे मामा आहेत. माझी आई जिवंत आहे, म्हसरूळला राहते. त्यांचा पक्ष मला मान्य नाही, कधीच नव्हता. त्यांच्या हट्टापायी माझी मामी दवाखान्याविना गेली. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, तुम्हालाही सांगते. त्यांनी कायदा मोडला असेल तर पोलीस बघतील. पण मामा माझे आहेत."

"म्हणजे संबंध आहेत?" मागून कोणीतरी विचारलं.

"रक्ताचे आहेत. पक्षाचे नाहीत."

या उत्तराचा दुसरा भाग कोणी लिहून घेतला नाही. ललित खाली मान घालून मोबाईलवर काहीतरी टाईप करत होता. जिन्यात अण्णांनी तिला गाठलं.

"एक शब्द बोलायचा होता. हो."

"माहीत आहे."

"पंधरा वर्षं राजकारण केलंत, ताई. फुकट गेलं." ते मान हलवत खाली उतरून गेले. संध्याकाळी ललितची उमेदवारी जाहीर झाली. म्हसरूळच्या चौकात कोणीतरी रोशनीच्या जुन्या फलकाला काळं फासलं.

दुसऱ्या दिवशी कुसाबाई नवं लुगडं नेसून पडवीत आल्या.

"गाडी काढ."

"कुठे?"

"मेलेली बहीण दाखवून येते त्याला."

करंजाळी मागे पडली आणि दोन्ही बाजूंना फुललेल्या खुरासणीची पिवळीधमक शेतं लागली. पाड्याच्या शिवेवर दोन माणसं काठ्या आडव्या धरून उभी होती. रोशनीने जीप दगडापाशी थांबवली, पण इंजिन चालू ठेवलं. कुसाबाई उतरल्या, काठी हाताने बाजूला सारून दगडापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. त्या माणसांना काय करावं कळेना. त्यातला एक पाड्याकडे पळाला.

रावजीच खाली आला. तो दमला होता, छाती भात्यासारखी वाजत होती. कुसाबाईंच्या समोर उभं राहून तो जीपकडे बघत म्हणाला, "कशाला आलीस, बाय?"

"मेली म्हनलास. आता तोंडावर म्हन."

"पोरीला तिकीट मिळंल म्हून म्हनलो."

"नाय मिळालं."

"का?"

"तू खोटं बोललास म्हनली ती. साऱ्यांसमोर."

रावजीने दगडावर हात टेकला. "आयुष्यात येकदाच खोटं बोललो," तो म्हणाला, "ते पन वाया घालवलं हिनं." त्याने विचारलं, "मग कोनाला दिलं?"

"ललितला."

"त्याला आमी मत देनार नाय."

"तुमी कोनालाच देत नाय, रावज्या."

तो जीपजवळ आला. खिडकीची काच खाली होती. जवळून तो टीव्हीवर दिसला त्याहून म्हातारा होता.

"उतर," तो म्हणाला.

"मी नाही उतरणार. आईला आणलंय फक्त."

"भाकरी खाऊन जा."

"फुकट जेवते म्हणून पुन्हा सांगशील."

तो हसला नाही. रोशनीने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. समोरच्या काचेतून दगड दिसत होता आणि त्यापलीकडे पाड्यावर जाणारी कच्ची वाट. गाडी सहज गेली असती एवढी रुंद होती ती.

"ॲम्ब्युलन्स इथेच होती ना?" तिने विचारलं. "इथूनच परत पाठवलीस ना तिला?"

काठीवाला माणूस दुसरीकडे बघू लागला. कुसाबाई हलल्या नाहीत. रावजी वाटेकडे बघत होता. त्याच्या घशात दमा घरघरत होता. आता तो नेहमीसारखा पाठ फिरवून जाईल असं रोशनीला वाटलं.

"हां," तो म्हणाला. "याया द्याया पायजे व्हती."

एवढंच बोलून तो तिथेच उभा राहिला, हात खिडकीच्या कडेला धरून.

रोशनी उतरली नाही. बऱ्याच वेळाने तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.