ख्लायमामाचा चेहरा

मी सावलीच्या खेळातला विदूषक बोलतोय. म्हशीच्या कातड्याचा बाहुला, कोळशासारखा काळा, उघडाबंब, सुटलेल्या ढेरीखाली लुंगी सावरत उभा. आमच्या खेळातल्या राजपुत्रांच्या अंगावर जाळीदार नक्षी असते. माझ्या अंगावर काही नाही. पण माझा खालचा जबडा सुटा आहे आणि त्याला दोरा बांधलेला आहे. दोरा ओढला की मी बोलतो.

माझा जन्म राजधानीपासून लांब, दक्षिणेतल्या फत्तलुंगचा. मला कोरलं प्लापने. तो खेळवाला होता. आमच्याकडे विदूषक मनाने कोरत नाहीत, गावातल्या जिवंत माणसावरून कोरतात, आणि तेही त्याला विचारून. म्हणून प्लाप पानसुपारी घेऊन ख्लायमामाकडे गेला. ख्लायमामा ताडाच्या झाडावर चढून रस काढायचा आणि वरूनच खालच्या प्रत्येकाची खोडी काढायचा.

"तुझा चेहरा दे," प्लाप म्हणाला.

"ने की. बायकोला तरी कुठे हवाय!" मामाने पान तोंडात टाकलं. "पण एक सांगतो. माझं तोंड गप्प बसत नाही. त्याचंही बसता कामा नये."

तसा मी झालो. मामाची ढेरी, मामाचं पुढे आलेलं कपाळ, मामाचा घोगरा आवाज.

खेळात आधी ऋषी येतो, मग नंदीवर बसलेला ईश्वर, मग राजेरजवाडे. हे सगळे राजधानीची भाषा बोलतात. आमची दक्षिणेची बोली फक्त आम्हा विदूषकांच्या तोंडी असते. राजपुत्र विरहाने व्याकूळ होतो तेव्हा मी येऊन मुखियाच्या रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल बोलतो. मुखिया सगळ्यांत मोठ्याने हसतो आणि नंतर गुपचूप खड्डा बुजवतो. माझं काम एवढंच, पण ते राजपुत्राला जमत नाही.

प्लाप गेल्यावर त्याची मुलगी उराय पडद्यामागे बसू लागली. मामाचा आवाज ती बापापेक्षाही चांगला काढते. पण देवळाच्या जत्रांत आता गाण्याचे मोठे तंबू लागतात. आम्हाला बोलावणी कमी झाली. वादक दुसरी कामं शोधायला लागले.

त्याच सुमाराला थलेनोईच्या तळ्याकाठच्या एका रिसॉर्टकडून निरोप आला. तिथे लांबून प्रवासी येतात. सकाळी होडीतून कमळं आणि पक्षी बघतात, संध्याकाळी त्यांना काही करायला नसतं. रिसॉर्टची व्यवस्थापक पिमपा उरायला म्हणाली, "वीस मिनिटं. राजकन्या, राक्षस, लढाई. विदूषकही असू दे, पण त्याचं बोलणं नको. पाहुण्यांना कळत नाही. आणि तो दोरा लोंबताना दिसतो."

"मॅडम, बोलणं काढलं तर तो नुसता जाड माणूस उरतो."

"जाड माणूस चालेल. नाचव त्याला."

उरायने वादकांकडे पाहिलं, घरी आली आणि माझा दोरा काढला. जबडा वरच्या ओठाला शिवून टाकला. मी काही बोललो नाही. बोलणार कशाने?

सगळा कोरडा हंगाम मी नाचलो. प्रवाशांना मी दोष देत नाही. ती माणसं मन लावून बघायची, टाळ्या वाजवायची. त्यांना जे दाखवलं ते त्यांनी पाहिलं. बाहेरच्या दिव्यांच्या दुकानात माझ्या कातडी प्रतिकृती शेडसारख्या दिव्यांभोवती गुंडाळून विकायला ठेवल्या होत्या. त्यांचेही जबडे चिकटवलेले.

एका संध्याकाळी ख्लायमामा रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात ताडगूळ द्यायला आला आणि दारातच खेळ बघत उभा राहिला. खेळ संपल्यावर तडक पडद्यामागे आला.

"उराय, ह्याला काय झालंय? दाढ दुखतेय?"

"मामा, इथल्या लोकांना आपली बोली कळत नाही."

"माझ्या म्हशीलाही कळत नाही. म्हणून मी बोलायचा थांबलोय का?"

वादक हसले. मामा हसला नाही. "तुझ्या बापाला चेहरा दिला तो बोलायला. नाचवायचाच असेल तर दुसऱ्या कुणाचा कोर. माझा परत दे."

आमच्यात ही थट्टा नसते. माणसाने चेहरा परत मागितला की तो विदूषक पडद्यावर आणत नाहीत, फडक्यात गुंडाळून देवळाच्या माळ्यावर ठेवतात. उरायचा चेहरा उतरला.

"हंगाम संपेपर्यंत थांबा, मामा. वादकांची पोटं आहेत यावर."

"तोवर मी मुका राहू?"

"तुम्ही नाही हो. तो."

"तो म्हणजे कोण?"



दुसऱ्या दिवशी दुपारी उरायने माझी शिवण उसवली आणि नवा दोरा ओवला. संध्याकाळी राजपुत्र रडून गेला आणि मी आलो.

"काय मंडळी, कमळं बघितलीत? छान! आता ती ज्या चिखलात उगवतात तो चिखल बघा. हा मी!"

समोरचे प्रवासी एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून एक मोठं हसू आलं. स्वयंपाकी होते. नावाडी काठावरून धावत आले. मला जोर चढला.

"मॅडमनी सूपमधली मिरची काढली, पाहुण्यांना झेपत नाही म्हणून. मग मला काढलं, पाहुण्यांना कळत नाही म्हणून. पाहुणे, तुम्ही पिताय काय? गरम पाणी!"

पिमपाने तोंडावर हात धरला. तीही दक्षिणेचीच, त्रांगची. तिला शब्दन् शब्द कळला होता. प्रवासी मात्र शेजारच्या नावाड्यांना विचारायला लागले, "काय म्हणाला? काय म्हणाला?" नावाडी हातवारे करून सांगत होते, विनोदापेक्षा समजावणं लांबत होतं.

खेळ संपल्यावर पिमपा मागे आली. तिचे डोळे अजून हसून ओले होते. "वेळ दुप्पट झाला, जेवण गार झालं, मला वर उत्तर द्यावं लागेल," ती म्हणाली. "उद्यापासून नको, उराय."

उरायने बाहुल्या पेटीत भरल्या. ख्लायमामा पुढे आला, माझा जबडा दोनदा वरखाली करून पाहिला आणि म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे."

आमचा ढोलकीवाला हातयाई शहरात एका दुकानात कामाला गेला. त्याला परत आणता आलेलं नाही. खेळ आता शनिवारी देवळाच्या अंगणात होतो. ख्लायमामा पुढे बसतो आणि आवाज चुकला म्हणून मध्येच ओरडतो. नावाडी कधी कधी चार-दोन प्रवासी घेऊन येतात. पुढच्या हंगामाचं माहीत नाही.

तुम्हीही कधी याल. आम्हाला जपा, असं मी म्हणणार नाही. जपलेल्यांचं काय होतं ते मी दिव्यांच्या दुकानात पाहिलंय. चटईवर बसा. मी काय बोललो ते कळलं नाही तर शेजारच्याला विचारा. तो सांगेल, वाढवून सांगेल, त्यात तुमचीच टिंगल घुसवेल. खुशाल विचारा. तो सांगत असतो तेवढ्या वेळात उरायला घोटभर पाणी पिता येतं.